मान वाकडी, उपाय मेंदूला?

कन्नड तालुक्यातल्या पिशोरसारख्या गावात एखाद्या बाईची मान हळूहळू डावीकडे वळू लागली, तर पुढचा प्रवास ठरलेला असतो. पहिले काही दिवस दोष उशीला दिला जातो. मग अद्रकाच्या वाफ्यात दिवसभर वाकून केलेल्या कामाला, डोक्यावरच्या हंड्याला, गवताच्या भाऱ्याला. तेल कोमट करून चोळले जाते. कुणीतरी जाणकार म्हणवणारा मान झटक्याने फिरवून ‘मोडून’ देतो. त्यानंतर एक्स-रे निघतो. चाळिशी ओलांडलेल्यांच्या एक्स-रेत मानेच्या मणक्यांची थोडीफार झीज बहुतेक वेळा दिसतेच. ती दिसली की चिठ्ठीवर ‘स्पॉन्डिलायटिस’ येतो आणि गळ्यात पट्टा. पट्ट्याच्या आतही मान वळायची ती वळतेच. मग घरात आवाज खाली येतो: बाहेरचे तर काही नाही ना? मराठवाड्यात भानामतीची भीती अजून पुरती गेलेली नाही. चालता चालता मान आपोआप खांद्याकडे ओढली जाणारी सून लोकांच्या नजरेत भरते आणि नजरांबरोबर तर्कही येतात.

या रांगेत आता आणखी एक थांबा येऊ पाहतो आहे. डोक्यावर तारांची टोपी, समोर संगणकाचा पडदा आणि ‘मेंदूच्या लहरींना वळण लावा, मान आपोआप सरळ होईल’ असे आश्वासन. औषध नाही, सुई नाही, शस्त्रक्रिया नाही. या पद्धतीला न्यूरोफीडबॅक म्हणतात. जगभरच्या शहरांत ती चंचलपणा, निद्रानाश, चिंता, डोकेदुखी अशा अनेक तक्रारींसाठी दिली जाते आणि मानेची ठेवण सुधारण्याचा दावाही तिच्या नावावर केला जातो. गावाकडच्या माणसाच्या हातात मोबाइल आहे, त्यामुळे हा दावा पोहोचायला शहरापर्यंतचा रस्ता लागत नाही. त्याची तपासणी मात्र कुणीतरी करायला हवी.

आधी हे काय आहे ते पाहू. मेंदूतल्या पेशी विजेच्या अतिसूक्ष्म स्पंदनांतून एकमेकींशी बोलतात. लाखो पेशी एका तालात आल्या की त्या तालाचा पुसट ठसा कवटीवर उमटतो. तो प्रथम टिपला जर्मनीतल्या येना शहरातील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. त्यांना शोधायचे होते ते भलतेच. तरुणपणी लष्करात असताना ते घोड्यावरून पडून मरता मरता वाचले आणि त्याच दिवशी दूर गावी असलेल्या बहिणीला त्यांच्याविषयी अस्वस्थ वाटल्याची तार घरून आली. मनातले दुसऱ्याच्या मनापर्यंत जाते कसे, या प्रश्नाने त्यांना पछाडले. परचित्तज्ञान काही सापडले नाही, सापडला मेंदूचा विद्युत आलेख, ज्याला आज दवाखान्यांत ईईजी म्हणतात. डोळे मिटून स्वस्थ बसले की सेकंदाला आठ ते तेरा वेळा हेलकावणारी लहर डोक्याच्या मागच्या भागात उठते आणि डोळे उघडताच विरते, हे बर्गर यांनी १९२९ मध्ये जाहीर केले. त्या लहरीला त्यांनी अल्फा नाव दिले. योगायोग असा, की १९२४ याच वर्षी लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केले आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी मोजण्याचा खटाटोप मांडला. पुढे १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समधील आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या मेंदूचे आलेख प्रसिद्ध केले. ध्यानस्थ योग्यांच्या आलेखात अल्फा लहर टिकून राहते, असे त्यात आढळले. मन स्थिर केले की मेंदूचा आलेख बदलतो, ही गोष्ट भारतीय वाचकाला म्हणूनच परकी वाटत नाही. जाहिरातदारांना याची चांगली जाण असते.

लहर दिसते, तर ती माणसाला स्वतःहून वाढवता येईल का? अमेरिकेत जो कामिया यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस हेच करून पाहिले. तुमची अल्फा लहर आता आहे की नाही, हे लोकांना दर वेळी सांगत गेले, तर काही वेळाने ती ओळखता येऊ लागते, हे त्यांनी दाखवले. त्याहून गाजले ते लॉस एंजेलिसमधील बॅरी स्टरमन यांचे मांजरांवरचे काम. मांजर निश्चल पण सावध बसले, म्हणजे बिळावर नजर ठेवून दबा धरल्यासारखे, की मेंदूच्या हालचालींशी संबंधित पट्ट्यात सेकंदाला बारा ते पंधरा वेळा उठणारी एक लहर दिसे. ती दिसली की मांजराला दूध. मांजरे लवकरच ही लहर ‘काढायला’ शिकली. पुढे दुसऱ्याच एका कामासाठी अग्निबाणाच्या इंधनातील एका विषारी रसायनाची चाचणी मांजरांवर घ्यायची होती. त्याने झटके येतात. आधी दूध मिळवायला शिकलेल्या मांजरांना ते झटके उशिरा आले किंवा आलेच नाहीत. त्यातून अपस्माराच्या रुग्णांना हे शिकवावे ही कल्पना निघाली आणि १९७२ मध्ये पहिल्या रुग्णाचा वृत्तांत आला. न्यूरोफीडबॅकची परंपरा इथून सुरू होते. तेव्हा ही भोंदूगिरी नव्हे. तिच्या मुळाशी खरे, कष्टाने केलेले विज्ञान आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्येही मेंदूला मार लागलेल्या रुग्णांसाठी तिचा अभ्यास झाला आहे.

प्रश्न आहे तो पुढच्या उडीचा. मांजराच्या झटक्यांपासून माणसाच्या मानेपर्यंत ही वाट पोहोचते का?

त्यासाठी मान वाकडी होते म्हणजे काय होते, हे नीट पाहायला हवे. कारण ‘मानेची ठेवण’ या एकाच गाठोड्यात निरनिराळी दुखणी बांधली जातात. वर सांगितलेल्या बाईचे दुखणे बहुधा हाडाचे नसते. तिला सर्व्हायकल डिस्टोनिया असण्याची शक्यता मोठी आहे. यात मानेचे काही स्नायू मेंदूकडून आलेल्या चुकीच्या आज्ञेमुळे आपोआप आकसतात. मान वळते, कलते, पुढे किंवा मागे ओढली जाते, कधी थरथरते, आणि बहुतेकांना वेदनाही होतात. हा त्रास मध्यमवयात सुरू होतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक दिसतो. डिस्टोनिया हा शब्द बर्लिनच्या हेर्मान ओपनहाइम यांनी १९११ मध्ये वापरात आणला, तरी पुढची कितीतरी वर्षे डॉक्टरांनीही या रुग्णांना मानसिक ठरवले. त्यामागचे एक कारण विलक्षण आहे. यातल्या अनेक रुग्णांना हनुवटीला किंवा गालाला एक बोट नुसते टेकवले की मान सरळ करता येते. ढकलावे लागत नाही, फक्त स्पर्श. काहींना डोके भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला टेकले तरी पुरते. पाहणाऱ्याला वाटते, बोट लावून सरळ होते म्हणजे हे नाटकच. वस्तुतः हीच या आजाराची खूण आहे. त्वचेकडून आलेल्या संदेशाने मेंदूतला बिघडलेला हिशेब क्षणभर जुळतो. घरातल्या माणसांनी ज्या गोष्टीवरून तिला ढोंगी ठरवले, नेमक्या त्याच गोष्टीवरून जाणता डॉक्टर रोग ओळखतो.

म्हणजे दोष मेंदूत आहे, मानेत नाही. मग मेंदूलाच शिकवावे, हे म्हणणे वरवर पाहता तर्कशुद्ध आहे. न्यूरोफीडबॅकची बाजू इथे प्रामाणिकपणे मांडायला हवी. हालचालींशी संबंधित लहर वाढवली की शरीर निश्चल होते, हे मांजरांत दिसले. डिस्टोनियात मेंदूची लय बिघडलेली असते, हेही खरे. पण ही बिघडलेली लय मुख्यतः सापडली ती मेंदूच्या खोल गाभ्यातील केंद्रांत, शस्त्रक्रियेच्या वेळी थेट तिथे तारा पोहोचवून. सेकंदाला साधारण चार ते बारा वेळा उठणारी ही लय कवटीपासून काही सेंटिमीटर खोल असते. टोपीतल्या तारांना कानावर येते ती घराबाहेर उभे राहून ऐकलेली कुजबुज. अंगणातला गोंगाट मात्र स्पष्ट ऐकू येतो.

हा अंगणातला गोंगाट म्हणजे स्नायूंची वीज, आणि या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. जाहिरातीत तो कधी सांगितला जात नाही. मेंदूची लहर मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांशात मोजतात. कपाळ, जबडा आणि मान यांचे स्नायू आकसताना जी वीज निर्माण होते ती त्याहून कितीतरी ठळक असते आणि ती त्याच तारांत शिरते. हे मिश्रण किती मोठे असते, हे ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले. त्यांनी स्वयंसेवकांचे स्नायू औषधाने तात्पुरते पूर्ण लुळे केले आणि जागेपणी त्यांचा ईईजी काढला. सेकंदाला वीसपेक्षा जास्त वेगाच्या ज्या लहरी मेंदूच्या म्हणून नोंदल्या जात होत्या, त्यांतला फार मोठा भाग नाहीसा झाला. तो स्नायूंचाच होता. आता ज्याच्या मानेचे स्नायू रात्रंदिवस आकसलेले आहेत अशा रुग्णाच्या डोक्यावर तीच टोपी घाला. पडद्यावर जे हलते आहे ते मेंदू की मान?

गंमत पुढे आहे. न्यूरोफीडबॅकच्या नेहमीच्या पद्धतीत स्नायूंचा गोंधळ नको म्हणून वेगवान लहरी कमी असतील तेव्हाच बक्षीस दिले जाते. पडद्यावरचे विमान उडते किंवा संगीत वाजते. म्हणजे रुग्ण बक्षीस मिळवण्यासाठी नकळत काय शिकतो? जबडा सैल सोडायला, खांदे खाली आणायला, मान ढिली ठेवायला. वीस ते चाळीस बैठकांनंतर त्याला बरे वाटले, तर ते मेंदूच्या लहरींना वळण लागल्याने की अर्धा तास शांत बसून स्नायू सैल करण्याच्या सरावाने, हे त्या यंत्राला सांगता येणार नाही आणि यंत्र चालवणाऱ्यालाही. आणि स्नायू सैल करण्याचा सराव करायला टोपी लागत नाही.

हे सगळे तर्काचे झाले. विज्ञानात निकाल चाचणी देते आणि मानेपुरते तरी तिचे एक जुने उदाहरण उपलब्ध आहे. लंडनमध्ये मर्जान जहानशाही आणि डेव्हिड मार्सडेन यांच्या गटाने वाकड्या मानेच्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला मानेच्या स्नायूंची वीज ऐकवून ती कमी करायला शिकवले. दुसऱ्याला यंत्राविना शरीर सैल सोडण्याचे आणि मानेच्या क्रमाक्रमाने वाढत्या व्यायामांचे शिक्षण दिले. १९९१ मध्ये आलेल्या निष्कर्षात दोन्ही गटांत सुधारणा दिसली, पण यंत्रवाल्या गटाला वरचढ फायदा झाला नाही. लक्षात घ्या, ही चाचणी थेट दोषी स्नायूची वीज मोजणाऱ्या यंत्राची होती. कवटीवरून अंदाज बांधणाऱ्या टोपीपेक्षा ते जास्त नेमके होते. चाचणी लहान होती, म्हणून तिच्यावर फार मोठा मनोरा उभारू नये. पण मेंदूच्या लहरींच्या शिकवणीने मान सरळ होते हे सिद्ध करणारी याहून मोठी, नीट आखलेली चाचणी तिच्या विरोधात उभी करता येत नाही, आणि सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे घेणाऱ्याची असते.

इतर तक्रारींत, जिथे मोठ्या चाचण्या झाल्या, तिथला अनुभव सावध करणारा आहे. अमेरिकेत सात ते दहा वर्षांच्या चंचल मुलांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्याहून अधिक मुलांना खरे न्यूरोफीडबॅक दिले. उरलेल्यांना पडदा दिसत होता, बक्षीस मिळत होते, पण ते त्यांच्या मेंदूच्या लहरींशी जोडलेले नव्हते. कुणाला काय मिळते हे मुले, पालक, उपचार देणारे कुणालाच ठाऊक नव्हते. मुले सुधारली. दोन्ही गटांतली, जवळजवळ सारखीच. ऑस्ट्रियात निद्रानाशाच्या रुग्णांवर २०१७ मध्ये असाच अनुभव आला. २०२४ च्या अखेरीस अशा ३८ चाचण्या आणि त्यांतील २,४७२ रुग्णांचा एकत्र आढावा ‘जामा सायकिअॅट्री’ या नियतकालिकात आला. चंचलपणावर न्यूरोफीडबॅकचा अर्थपूर्ण फायदा दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. पन्नास वर्षे ज्या दुखण्यावर सर्वाधिक काम झाले तिथे ही गत. मानेचे तर कामच झालेले नाही म्हणावे इतके थोडे.

यावर उत्तर ठरलेले असते: ‘आमच्या रुग्णांना फरक पडला, त्यांनाच विचारा.’ ते खोटे बोलत नाहीत. कुणीतरी आठवड्यातून दोनदा तासभर लक्ष देते, तुमचे ऐकून घेते, तुम्ही ढोंगी नाही असे म्हणते, याने वेदना खरोखर कमी होतात. शिवाय डिस्टोनियात चढ-उतार असतात. ताण वाढला, झोप झाली नाही की मान अधिक ओढली जाते, विश्रांतीने सैल होते. थोड्या रुग्णांत पहिल्या काही वर्षांत आजार आपणहून ओसरतो आणि अनेकदा परत येतो. जो उपाय त्या वेळी चालू असेल त्याला श्रेय मिळते. देवऋषाला मिळते, तसेच टोपीलाही.

आता ज्याने खात्रीने फरक पडतो ते पाहू. डिस्टोनियाने वळलेल्या मानेवरचा आजचा मुख्य उपचार म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन. सुरकुत्या घालवण्याच्या जाहिरातींमुळे ज्याचे नाव चेष्टेत घेतले जाते तेच हे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत खराब झालेले सॉसेज खाऊन माणसे लुळी पडून मरत. युस्टिनुस केर्नर या कवी-डॉक्टराने त्या विषबाधेचा अभ्यास केला आणि हे विष कधीतरी औषध होईल असे लिहून ठेवले. दीडशे वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी त्याचा अत्यल्प डोस वापरला. १९८९ मध्ये अमेरिकेने त्याला तिरळेपणासाठी आणि २००० मध्ये मानेच्या डिस्टोनियासाठी मान्यता दिली. आकसलेला नेमका स्नायू ओळखून त्यात इंजेक्शन दिले की काही दिवसांत तो सैल पडतो. परिणाम साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा द्यावे लागते. गिळायला त्रास होणे, मान काही काळ लुळी वाटणे असे दुष्परिणाम होऊ शकतात, म्हणून देणाऱ्याचा हात सरावाचा लागतो. ही आजार मुळापासून काढणारी जादू नव्हे. मेंदूची चुकीची आज्ञा तशीच राहते, फक्त स्नायू ती ऐकत नाही. ज्यांना याचा उपयोग होत नाही अशा निवडक रुग्णांत मेंदूच्या गाभ्यात तारा बसवण्याची शस्त्रक्रिया केली जाते. जोडीला डिस्टोनिया समजणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम हवेत. यात काही चकचकीत नाही. पण खोटे इंजेक्शन आणि खरे इंजेक्शन अशी तुलना करून हा उपचार पारखलेला आहे, आणि त्या तुलनेत तो टिकला आहे.

सगळ्या वाकड्या माना डिस्टोनियाच्या नसतात, हेही इथेच सांगायला हवे, कारण घोळ तिथून सुरू होतो. नवजात बाळाची मान एका बाजूला कलत असेल, तर बहुतेकदा मानेचा एक स्नायू आखूड झालेला असतो. पहिल्या वर्षात नीट शिकून घेतलेल्या ताणाच्या व्यायामाने तो बहुतांश बाळांत सुटतो. ‘मोठेपणी होईल सरळ’ म्हणून थांबण्यात नुकसान आहे. उलट्यांसाठी मेटोक्लोप्रामाइडसारखे औषध घेतल्यावर काही तासांत पोराची मान मागे वळली, डोळे वर फिरले, जीभ बाहेर आली, तर ते दृश्य घरच्यांची गाळण उडवणारे असते. अंगात आले असेच वाटते. ती औषधाची प्रतिक्रिया असते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळू शकणाऱ्या साध्या इंजेक्शनने बहुधा थोड्याच वेळात उतरते. ज्या घरात हे कळत नाही तिथे लिंबू-मिरची फिरते आणि कधी शेजारणीवर आळ येतो. ताप, वजन घटणे आणि आखडलेली मान एकत्र असतील, तर मणक्याचा क्षयरोग आधी नाकारायला हवा. हातापायांत जोर कमी होणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही मज्जारज्जू दबल्याची लक्षणे असू शकतात. तिथे चोळणे, मोडणे, टोपी यांपैकी कशातही दिवस घालवणे धोक्याचे आहे.

आणि राहिली ती साधी, रोजची मानदुखी. मोबाइलमुळे मानेवर २७ किलोचा भार पडतो, हा आकडा गेली काही वर्षे फिरतो आहे. तो अमेरिकेतील एका अस्थिशल्यचिकित्सकाने २०१४ मध्ये संगणकावर मांडलेल्या गणितातून आला. डोके साठ अंश झुकवले तर, असे ते गणित आहे. प्रत्यक्ष माणसांच्या मानेत घातलेल्या मापकाचे ते उत्तर नव्हे. ब्राझीलमध्ये १८ ते २१ वयाच्या १५० तरुणांना पाहिले, तेव्हा मोबाइल पाहताना मान किती झुकते आणि मान किती दुखते यांचा संबंध आढळला नाही. वाकलेली मान म्हणजे बिघडलेली मान, ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्यावर धंदे उभे राहतात. अद्रक काढताना, कापूस वेचताना तासन् तास वाकणाऱ्या बाईला ‘ताठ बसा’ सांगणे ही थट्टा आहे. तिला हवी कामात मध्येच सुटका, ओझ्याचा वाटा उचलणारे दुसरे माणूस, चालणे-फिरणे, खांद्यांचे साधे व्यायाम आणि पुरेशी झोप. बहुतेक साधी मानदुखी काही आठवड्यांत उतरते. ती उतरण्याच्या सुमारास ज्याने पैसे घेतले, त्याचे नाव होते.

मग दोष कुणाचा? टोपी विकणाऱ्याकडे बोट दाखवणे सोपे आहे आणि काही अंशी रास्तही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. रोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या प्रत्येकाला ‘पुरावा दाखवा’ म्हणायला ती पुरेशी आहे. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला आणि मंत्राने रोग बरा करणाऱ्याला जाब विचारण्याची सोय झाली. पण पडदा, तारा आणि इंग्रजी नाव असले की तोच प्रश्न विचारायला लोक कचरतात. न्यूरोफीडबॅक देणाऱ्यांनी प्रामाणिकपणे ‘हे अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे’ असे सांगितले, तर तक्रारीला फारशी जागा उरत नाही. तक्रार आहे ती प्रयोगाची फी उपचार म्हणून घेण्याबद्दल.

तरीही खरी पोकळी दुसरीकडे आहे. मेंदूविकारतज्ज्ञ शहरात आणि रुग्ण पिशोरला. घाटी रुग्णालय गाठायचे म्हणजे मजुरीचा दिवस बुडतो, सोबत एक माणूस लागते आणि पहिल्या फेरीत काम होईल याची खात्री नसते. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचे, तेही खिशातून, हे अल्पभूधारक घराला झेपणारे नाही. राज्यातल्या प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ठरलेल्या दिवशी हे इंजेक्शन विनामूल्य मिळावे, ही मागणी अवास्तव नाही. हा आजार दुर्मीळ असला तरी तो ज्याला होतो त्याचे काम, बाजार, लग्नकार्यातले वावरणे, सगळे एका वळलेल्या मानेमागे बंद होते.

त्याहून स्वस्त एक गोष्ट आजच होण्यासारखी आहे. डिस्टोनिया ओळखायला बहुधा महागडी तपासणी लागत नाही. तो नजरेने ओळखला जातो: मान कुठे वळते, चालताना काय होते, बोट टेकवल्यावर काय होते. ई-संजीवनी ही सरकारी दूरवैद्यक सेवा आरोग्य उपकेंद्रांपर्यंत पोहोचलेली आहे. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला आणि आशाताईंना एवढे शिकवले, की न दुखावता, पट्टा काढून, रुग्णाला समोरून आणि बाजूने बसवून, चालवून, हनुवटीला बोट लावून दोन मिनिटांचे चित्रीकरण करायचे आणि रुग्णाच्या संमतीने तज्ज्ञाकडे पाठवायचे, तर वर्षानुवर्षांची भटकंती एका आठवड्यावर येऊ शकते. डोक्यावरच्या तारांपेक्षा ही सोय कमी दिमाखाची आहे. त्यासाठी लागणारे यंत्र मात्र त्या बाईच्या घरात आधीच आहे, तिच्या मुलाच्या खिशात.

तोवर कुणी मेंदूच्या लहरींची शिकवणी सुचवलीच, तर पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. माझ्या आजाराचे नाव काय आणि ते कुणी ठरवले? पडद्यावर दिसते ते मेंदूचे आहे की मानेचे, हे तुम्ही कसे वेगळे करता? आणि खोट्या टोपीशी तुलना करून मानेच्या रुग्णांवर ही पद्धत कुणी पारखली आहे? पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर उरलेले दोन विचारण्यात वेळ घालवू नये. एसटी पकडावी आणि घाटी गाठावी.